पंधराची चकती

"दात किती हायेत?"

रुपराव माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. आणि मी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली, वादविवादात कॉलेजसाठी ढाल जिंकून आणणारी शामला, हातातली सायकल सावरत ताडकन म्हणाले, "अठ्ठावीस. अक्कलदाढा यायच्या आहेत अजून. तुम्हाला काय करायचंय?"

तो हसला नाही. तिथेच तर घात झाला. हसला असता तर मी भांडून दुसऱ्या दुकानात गेले असते. त्यानं फक्त मान खाली घातली, तेलकट बोट मागच्या चाकाकडे केलं आणि जमिनीला सांगावं तसं हळूच म्हणाला, "फ्रायवीलचे विचारले, बाई."

अठ्ठ्याहत्तर सालच्या नोव्हेंबरातली सकाळ होती. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या चौकात माझी चेन उतरली, काही केल्या बसेना, म्हणून समोर दिसलं त्या दुकानात मी शिरले होते. पाटीवर 'नत्थूजी सायकल स्टोअर्स'. नत्थूजी म्हणजे त्याचे आजोबा, ते भिंतीवर हार घातलेल्या फोटोत होते. दुकानात होता तो रुपराव. नावात रूपही आणि रावही, आणि प्रत्यक्षात खाकी पँट, कोपरावर उसवलेला स्वेटर, आणि पापण्या... जाऊ द्या, पापण्यांचं पुढे सांगते.

त्यानं सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं आणि डोळे मिटले. चाक टिकटिक करत फिरत राहिलं. झोपला की काय हा, असं मला वाटतंय तोवर म्हणाला, "एक कुत्रा थकला." मी वळून रस्त्यावर पाहिलं. कुत्रा कुठेच नव्हता.

मग त्यानं पेपर अंथरून मागच्या चाकाचं दातेरी चक्र, म्हणजे फ्रायवील, उघडून दाखवलं. आत नखाएवढ्या दोन खिट्ट्या होत्या. सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की हे कुत्रे खाचेत घट्ट बसतात आणि चाक ओढतात. पाय थांबला की खाचांवरून घसरत जातात, त्याचीच ती टिकटिक. दहा वर्षं मी सायकल चालवत होते. दहा वर्षं तो आवाज माझ्या मागे मागे येत होता आणि तो कोण करतं हे मला विचारावंसंही वाटलं नव्हतं. मी ओढणी कमरेला खोचून तिथेच उकिडवी बसले आणि बघत राहिले. कॉलेजला उशीर झाला. झाला तर झाला.

माझी सायकल साधी नव्हती, हे सांगायला हवं. कॉलेजच्या जिमखान्यातली जुनी विलायती रेसिंग सायकल होती ती. मागच्या चाकाला एकाशेजारी एक अशा पाच दातेरी चकत्या, आणि दांडीवर एक खुंटी. खुंटी ओढली की चेन एका चकतीवरून दुसरीवर जाते. चकतीचे दाते कमी तेवढं पायडल जड आणि सायकल वेगात. दाते जास्त तेवढं पायडल हलकं. जानेवारीत विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची निवड होती, नागपूरहून कन्हानच्या पुलापर्यंत आणि परत. पहिल्या दोघी पटियालाला आंतरविद्यापीठ शर्यतींना जाणार. आदल्या वर्षी मी तिसरी आले होते.

तिसरी येणं फार वाईट असतं हो. दहावी आलं की माणूस गप घरी जातो.

बाबांनी त्या वर्षीच सांगून टाकलं होतं. आमची खाप्याला संत्र्याची बाग आहे, ती काका बघायचे. बाबा म्हणजे महादेवराव, मला शिकवायचं म्हणून नागपुरात नंदनवन वस्तीत घर करून राहिले होते. आई माझ्या लहानपणीच गेली, प्रयागबाई आत्यानं मला वाढवलं. बाबा आवाज चढवणारे नव्हते, पण एकदा बोलले की संपलं. म्हणाले होते, पुढच्या साली नाव आलं तर मी स्वतः तुला गाडीत बसवून देईन. नाही आलं तर सायकल जिमखान्यात परत, आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. म्हणजे माझ्याकडे एकच शर्यत उरली होती.

हे सगळं मी रुपरावला पहिल्याच दिवशी सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. तो ऐकत होता आणि अंगठा माझ्या चकत्यांवरून फिरवत होता, डोळे पुन्हा मिटलेले. मग म्हणाला, "चौदा, सतरा, वीस, चोवीस, अठ्ठावीस." दाते मोजले होते त्यानं, न बघता, बोलणं ऐकता ऐकता. मी नंतर घरी जाऊन खडूनं खुणा करून मोजले. एकही चुकला नव्हता.

"रविवारी कामठीकडं जासान तवा मी मागं येतो," तो म्हणाला. "पाय पाह्यचा हाये."

आता परका माणूस असं म्हणाला तर पायातली काढायला हवी होती. पण त्यानं ते इतकं साधं म्हटलं, डॉक्टर 'जीभ दाखवा' म्हणतो तसं, की मी बरं म्हणून मोकळी झाले.

रविवारी सकाळी धुकं होतं. मी माझ्या रेसिंगवर, आणि मागे तो, त्याच्या काळ्या, कॅरिअर लावलेल्या, दूधवाल्याच्या वाटाव्या अशा सायकलवर. मला वाटलं, शहराच्या कडेच्या इंदोऱ्यापर्यंत दमेल. कामठी आली तरी मागे तोच संथ आवाज. मी जोर केला तर त्यानंही केला, मी हळू झाले तर तोही झाला, पण पुढे एकदाही आला नाही. कन्हानच्या पुलावर आम्ही थांबलो. खाली नदीचं पात्र एवढं मोठं पसरलेलं, मध्ये पाण्याची एक धार, आणि तिच्यावरून वाफ उठत होती. ऊन त्या वाफेतून येत होतं. मी ती नदी शंभरदा पाहिली असेल. त्या दिवशी मात्र कठड्याला धरून उभी राहिले आणि बोलायचं विसरले, आणि मी बोलायचं विसरणं ही आमच्या घरात बातमी होते.

"तुमी मागच्या साली कुठं हारल्या, सांगू?" तो म्हणाला.

"तुम्ही होतात तिथे?"

"नाई. परत येतानी हारल्या. कामठी सोडल्यावर, इंदोऱ्याच्या आधी, वारा पाठीत आल्यावर. सतरावर पाय रिकामा फिरे, अन् चौदावर टाकली का गुडघा बसे. तुमी खुंटी इकडून तिकडं करत राह्यल्या अन् त्या दोघी गेल्या."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. अक्षर न् अक्षर खरं होतं. मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं, मला स्वतःला असं सांगताही आलं नसतं. विचारलं, कोणी सांगितलं हे? म्हणाला, "तुमच्या गुडघ्यानं."

मग त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. येताना त्यानं मोजलं होतं. माझा पाय मिनिटाला नव्वद वेळा फिरतो तेव्हा श्वास लागत नाही. पंचाहत्तरवर आला की मी दात खाते, एकशे दहावर गेला की खांदे हलायला लागतात. बिघडलेलं माझ्यात काही नव्हतं, चौदा आणि सतरा यांच्या मध्ये जे काहीच नव्हतं, त्यात मी हरले होते. सगळे म्हणतात रेसिंगला चकत्यांत मोठमोठी अंतरं पाहिजेत, तो म्हणाला, पण ते चढासाठी. या रस्त्याला चढ कुठे आहे? आहे तो वारा. "अन् वारा काही तीन-तीन दातानं बदलत नाई. थोडा थोडा बदलते. मंग आपणबी थोडं थोडंच बदलाव."

चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा. एकेका दाताचं अंतर. असं फ्रायवील नागपुरात कोणाकडे नव्हतं, पण दोन जुनी फ्रायवीलं उघडून, चकत्या इकडच्या तिकडे करून ते बसवता येईल, असं त्याला वाटत होतं. चार चकत्या होत्या. पंधराची नव्हती.

माझ्या श्वासाचा हिशोब घेत कोणीतरी वीस किलोमीटर माझ्या मागे आलं होतं. परतताना मी तेच घोकत होते, आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. वाऱ्यानं असेल. घराच्या वळणावर तो म्हणाला, "येतो मंग, शामलाबाई." सकाळी नुसती 'बाई' होती, दुपारच्या आत 'शामलाबाई' झाली होती. मी मनात म्हटलं, एक दात.

इथे नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबते. आमच्याकडे माणसाला 'गा' म्हणतात आणि बाईला 'वं'. इकडे ये वं, जेवली का वं. आत्या मला दिवसातून शंभरदा 'वं' म्हणायची, त्याचं काही विशेष नाही. पण एखादा तरुण माणूस, जो तुम्हाला 'बाई' म्हणतो, 'तुमी' म्हणतो, नजर जमिनीवर ठेवतो, त्यानं एक दिवस आपोआप 'वं' म्हटलं, तर मग दुसरं काही म्हणायचं उरत नाही. त्या डिसेंबरात मला दोनच गोष्टी हव्या होत्या. पटियाला, आणि ते एक अक्षर. दुसरी मी कोणाला सांगितली नव्हती.

मी दुकानात रोज जायला लागले. कधी ब्रेक घासतो म्हणून, कधी घासत नाही म्हणून. एकदा काहीच सुचेना तर सरळ हवा सोडून दिली आणि गेले. त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली, चारी बाजूंनी फिरवली, एक बुडबुडा नाही. म्हणाला, "पंचर भेटून नाई राहिला." मी म्हटलं, नीट शोधा. तो अर्धा तास शोधत राहिला. त्याला कळलं होतं, आणि मला कळलं होतं की त्याला कळलंय.

मग ती चिठ्ठी झाली.

झालं असं, की मला पाचही आकडे तोंडपाठ राहीनात, निदान मी तसं सांगितलं. तेव्हा त्यानं भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहून दिलं: '१४, १५, १६, १७, १८. मधात खंड नको. १५ ची सध्या हाती नाही. मिळाली की कळवतो. रुपराव.' अक्षर मोत्यासारखं. मी ते पान कमिजाच्या खिशात ठेवलं, दिवसातून चारदा वाचलं, आणि पाचव्या दिवशी विसरून कमीज धुवायला टाकलं.

आत्याला वाचता यायचं, अक्षर लावून लावून. तिनं मागची बाजू वाचली. मग पान उलटून पुढची पाहिली. पुढे मे महिना होता. आमच्याकडे मे महिना म्हणजे काय, हे सांगायला नको. सगळ्या लग्नांच्या मांडवांचा महिना.

मी संध्याकाळी घरी आले तर बाबा घरात नव्हते. आत्यानं मला काही विचारलं नाही, फक्त ताटात दोन पोळ्या जास्त वाढल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. दिवे लागायच्या वेळी बाबा आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि ओसरीवर आत्याला सगळं सांगायला लागले. मी आत तव्यापाशी. एकेक शब्द कानात येत होता.

बाबा दुकानात गेले होते. नत्थूजी मूळचे खाप्याकडचेच, बाबांच्या ओळखीतले, आपल्याच समाजातले, तेव्हा अनोळखी माणसाकडे गेल्यासारखं त्यांना वाटलं नाही. गेले आणि सरळ विचारलं, चौदा ते अठरा असं तुम्हीच लिहिलं काय? पोरगा उठून उभा राहिला म्हणे. म्हणाला, हो जी, मधात खंड नको. बाबांनी विचारलं, पंधराचं कसं मग? तर म्हणाला, पंधराची पाहिजेच, काकाजी, तिच्याशिवाय मी कामाला हात लावणार नाही, शोध चालू आहे. बाबांनी विचारलं, नाहीच मिळाली तर सोळा नाही का चालणार? तर म्हणाला, चालेल, पण मग उडी मोठी पडते, शामलाबाईंना त्रास होईल.

"शामलाले त्रास होईन म्हणे," बाबा आत्याला म्हणाले. "असं पोरीकडचं पाहणारा मी पाह्यला नाई, प्रयागे."

आत्याचं म्हणणं एवढंच होतं, की पत्रिका न दाखवता एवढा पंधराच्या तारखेवर अडून का बसला हा? सोळाला उपास आहे काय त्याचा?

तव्यावर पोळी जळत होती. मला सगळं कळलं होतं. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, की बाबा, ते सायकलचे दाते आहेत. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी मोठी वादविवादवाली. पण माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. मी जळलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली आणि बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर रुपराव कधी नव्हे तो उत्साहात होता. कानस चालवत चालवत सांगायला लागला, की तुमचे बाबा येऊन गेले, लय बारीक समज आहे त्यांची. थेट पंधरावर बोट ठेवलं. एवढ्या वर्षांत गिऱ्हाईक म्हणून असा जाणकार पाहिला नाही. मी उपड्या घमेल्यावर बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. तो गोंधळून बघत राहिला. मग मी त्याला सांगितलं, कॅलेंडर, मे महिना, आत्या, सगळं. हसता हसता सांगायला सुरुवात केली, पण शेवटी शेवटी माझं हसू कुठे गेलं, मलाच कळलं नाही.

कानस थांबली. त्यानं वर पाहिलं. त्याच्या पापण्यांवर लोखंडाची बारीक करडी धूळ बसली होती, आणि त्याखालचे डोळे... आतापर्यंत त्यानं माझ्याकडे असं सरळ पाहिलंच नव्हतं.

"मंग तुमी सांगितलं नाई त्यायले?" तो म्हणाला. "का ते सायकलचे दाते हायेत म्हणून?"

"नाही."

"काहून?"

"मले नाई सांगावं वाटलं."

मले! कॉलेजात गेल्यापासून घराबाहेर मी 'मला-तुला' करायची, वक्तृत्वाच्या बक्षिसांची शान होती ती. ते कधी निसटलं ते समजलंच नाही. त्यानं ऐकलं. तो कानस हातात घेऊन तसाच बसला, कान लाल झालेले, आणि मी वाट बघत राहिले, की आता बोलेल, आता बोलेल.

"मी उडी मारणारा माणूस नाई," तो शेवटी म्हणाला. "पंधराची भेटू दे आधी, शामला. मंग सांगतो."

मला राग यायला हवा होता. चकती, चकती, चकती! पण घरी जाताना लक्षात आलं, की 'बाई' गळली होती, आणि 'द्या'चं 'दे' झालं होतं. एकाच वाक्यात दोन. आणि मला झटका असा कुठेच बसला नव्हता. मग मात्र मी रस्त्यात सायकल थांबवली आणि उभी राहिले. हा माणूस जे फ्रायवील बनवत होता, तसाच तो स्वतः होता.

पंधराची चकती सापडली ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि कुठे म्हणाल, तर देवघरात. कामठीला एक निवृत्त सुभेदार होते, ते तरुणपणी पलटणीत सायकल शर्यती खेळायचे. रुपराव त्यांच्याकडे आधी दोनदा जाऊन आला होता, मोडीत काही नव्हतं. तिसऱ्यांदा गेला तेव्हा सुभेदारांच्या बायकोनं, इंदूबाईंनी, त्याला चहा दिला. चहा पिता पिता याची नजर समईकडे गेली. समई डुगडुगू नये म्हणून तिच्याखाली काहीतरी काळं गोल ठेवलेलं होतं. याचा अंगठा शिवशिवला. परवानगी घेऊन, हात धुऊन, त्यानं फक्त कड चाचपली. मोजले. पंधरा.

इंदूबाई आधी द्यायला तयार नव्हत्या. पंचवीस वर्षं देवाच्या दिव्याखालचं आहे ते, असं कसं देऊ? मग यानं त्यांना सांगितलं, की एका मुलीला पटियालाला जायचं आहे. त्यांनी समई उचलली आणि चकती हातात दिली. समईला बसायला त्यानं दुसऱ्या दिवशी पितळेचं कडं घडवून नेलं.

मी ती चकती पाहिली तेव्हा हातात घ्यायला भीती वाटली. पंचवीस वर्षांचं तेल पिऊन काळीभोर झालेली, गंजाचा एक ठिपका नाही. दाते सगळे धारदार. कोणाला ठाऊक नसताना ती तिथे दिव्याखाली बसून राहिली होती. मी तिला नमस्कार केला. रुपरावनंही केला. मग त्यानं ती चौदा आणि सोळाच्या मध्ये बसवली, चाक फिरवलं आणि म्हणाला, "ऐक."

ऐक! ऐका नाही. मी टिकटिक ऐकत होते की तो शब्द, मला सांगता येणार नाही.

शर्यतीच्या दिवशी थंडी होती आणि वारा समोरून. चौदाजणी होतो. अमरावतीची मुलगी पहिल्यापासून पुढे गेली, ती जाणारच होती. तिच्या मागे वर्ध्याची, मग मी. मी फक्त पाय ऐकत होते. वारा वाढला, खुंटी एक बोटभर ओढली, टिक. झाडांचा आडोसा आला, खुंटी ढकलली, टिक. पायाला कळतही नव्हतं काही बदललं म्हणून, फक्त श्वास जिथे होता तिथेच राहत होता. गेल्या वर्षी ज्या रस्त्यानं मला रडवलं, तोच रस्ता होता. मी त्याच्याशी भांडतच नव्हते. पुलावरून वळले तेव्हा खाली नदीवर तीच वाफ होती, आणि मला एकदम वाटलं, की हे सगळं असं असतं आणि आपल्याला कोणी सांगत नाही.

परतताना वारा पाठीत आला. कामठी गेली. वर्ध्याची मुलगी माझ्या पुढे तीस-चाळीस हातांवर. इंदोऱ्याच्या आधी रस्ता थोडा चढतो. चालणाऱ्याला तो चढ कळत नाही, पायडल मारणाऱ्याला कळतो. तिच्या खुंटीचा आवाज मला ऐकू आला, खडाक, आणि तिचे पाय एकदम रिकामे भिरभिरायला लागले. मग पुन्हा खडाक, आणि तिची पाठ वाकली. मी चौदावर होते, गुडघा जड झाला होता. गेल्या वर्षी इथेच सगळं संपलं होतं. इथून पुढे गेल्या वर्षी सतराच होतं. मी खुंटी बोटभर ओढली.

टिक.

पंधरा. पाय नव्वदवर. मी तिच्या शेजारून गेले तेव्हा मला जोर लावल्यासारखंही वाटलं नाही. एखाद्यानं मागून सीटला हात लावावा तेवढंच काहीतरी. मागे कोणी नव्हतं, मी पाहिलं.

दुसरी आले. नाव लागलं.

शेवटच्या रेषेपाशी आत्या होती, बाबा होते, आमचे जिमखान्याचे सर होते. मी थांबले तर पाय जमिनीला लागेनात, सायकलीसकट कलंडलेच असते. कोणीतरी सीट धरली. घट्ट, एका हातानं, तेलाचा वास येणारा हात. मी बोलायला गेले, पंधरा, इंदोरा, टिक, असं काहीबाही, शब्द धड निघेनात. आणि तो माझ्या तोंडाकडे सरळ बघत म्हणाला,

"दम घे वं."

बस, एवढंच. त्याला स्वतःला कळलं नसावं. पण आत्याला कळलं, तिनं पदर तोंडाला लावला. बाबांना कळलं. ते पुढे आले, घसा खाकरला, आणि कमरेत हात ठेवून त्याला म्हणाले, "काय गा, पंधराची मिळाली म्हणते का मंग?"

रुपरावनं एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी श्वास धरून उभी, नव्वद नाही, दोनशेवर गेलं असेल माझं काळीज.

"मिळाली जी," तो म्हणाला. "आता तारीख बी तुमी म्हणसान ते."

मी पटियालाला जाऊन आले. तिथे कितवी आले ते विचारू नका. परत आले तेव्हा घरी पंचांग उघडं होतं आणि आत्या कपाळाला हात लावून बसली होती. मेच्या पंधराला मुहूर्तच नव्हता. सोळाला होता. एवढं सगळं पंधरावर ठरलेलं, आणि आता सोळा! बाबाही जरा खट्टू झाले होते, पंधरा त्यांनी मनावर घेतली होती. मलाही उगाच हुरहूर लागली, म्हणून मी दुकानात गेले आणि रुपरावला सांगितलं. तो एका चाकाच्या तारा ओढत बसला होता. त्यानं मान वर केली नाही, चाक फिरवलं, टिकटिक ऐकली, आणि हसला. पहिल्यांदाच हसला, तीन महिन्यांनी.

"एका दाताचा तर फरक हाये वं," तो म्हणाला. "पायाले समजणार बी नाई."